संगीत रंगभूमीचा संगीतकार आणि मानसन्मानांचा इतिहास : मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या संदर्भात

बीजशब्द : संगीत नाटक, संगीत दिग्दर्शक, गंधर्व नाटक मंडळी, पद्म पुरस्कार, संगीत नाटक अकादमी

प्रस्तावना

कलावंताच्या चरित्राच्या अखेरीस त्याला लाभलेल्या मानसन्मानांची यादी देण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. ही यादी वाचकाच्या मनात आदर निर्माण करते, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तेथेच थांबून चालत नाही. सन्मान कोणी दिला, केव्हा दिला आणि कलावंताच्या कोणत्या कार्यासाठी दिला, हे तीन प्रश्न विचारले की तीच यादी सामाजिक इतिहासाचे साधन बनते. मराठी संगीत रंगभूमीवर पदांना चाली देणाऱ्या संगीतकाराच्या बाबतीत हे प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात, कारण त्याचे कार्य कानांवर सतत पडत असूनही त्याचे नाव बहुधा मागे राहिले. प्रस्तुत लेखात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांना लाभलेल्या आणि न लाभलेल्या सन्मानांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

चाल देणारा आणि गाणारा

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाची परंपरा प्रतिष्ठित केली. या आरंभीच्या काळात स्वतंत्र संगीतकार ही कल्पनाच नव्हती. नाटककार स्वतःच कीर्तन, लावणी, कर्नाटकी पदे किंवा हिंदुस्थानी चिजा यांच्या चाली समोर ठेवून पदे रचीत असे. छापील नाटकात पदाच्या वर मूळ चालीचा निर्देश केलेला आढळतो. चालीचा कर्ता मात्र तेथे क्वचितच दिसतो.

‘मानापमान’ (१९११) या नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींमुळे ही स्थिती पालटू लागली. तथापि, प्रतिष्ठेची भाषा गायकाभोवतीच फिरत राहिली. बालगंधर्व, सवाई गंधर्व या पदव्या पाहाव्यात. गंधर्व म्हणजे स्वर्गीय गायक. त्या पदवीतच गौरव कंठाचा आहे. खुद्द भास्करबुवांना ‘देवगंधर्व’ म्हटले गेले तेही गायक म्हणूनच. ‘स्वयंवर’च्या चालींसाठी वेगळी पदवी नव्हती, आणि ती असावी असे कोणास वाटल्याचेही दिसत नाही.

मास्टर कृष्णरावांचे नाट्यसंगीतातील कार्य

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी आळंदी येथे झाला. बालवयात ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गायक-नट म्हणून वावरले. नाटक कंपन्यांतील तरुण गायक-नटांच्या नावाआधी ‘मास्टर’ लावण्याचा त्या काळी प्रघात होता. ते बिरुद त्यांच्या नावाला जे चिकटले ते अखेरपर्यंत. पुढे भास्करबुवांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी रीतसर गायनविद्या संपादन केली. १९२२ साली गुरूंच्या निधनानंतर गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ‘मेनका’ (१९२६), ‘कान्होपात्रा’ (१९३१) आणि ‘सावित्री’ (१९३३) ही या कालखंडातील त्यांची महत्त्वाची नाटके होत.

यानंतर त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) आदी चित्रपटांना संगीत दिले. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याच्याही चाली कृष्णरावांच्याच होत्या. येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. गंधर्व मंडळीत पद ‘वन्समोअर’ घेत कितीही वाढू शकत असे. ‘कुलवधू’त पदे थोडी आणि आटोपशीर होती, स्त्रीभूमिका स्त्रीच करीत होती आणि ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या भावगीताकडे झुकणाऱ्या गायकीला साजेशी चाल हवी होती. या दोन्ही गरजा एकाच संगीतकाराने भागविल्या. गायक स्वतःच्या गळ्यासाठी गातो, तर रंगभूमीचा संगीतकार दुसऱ्याच्या गळ्यासाठी आणि प्रसंगासाठी रचना करतो. हे कौशल्य वेगळे आहे आणि सन्मानाच्या भाषेत नेमके तेच हरवते.

लाभलेले सन्मान

करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी कृष्णरावांना ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीच्या याच नावाच्या सन्मानाशी तिची गल्लत होऊ नये. कलावंताचा गौरव धर्मपीठ, संस्थानिक आणि रसिकसभा यांच्याकडून होण्याच्या स्वातंत्र्यपूर्व परंपरेशी या पदवीचे नाते आहे.

स्वातंत्र्यानंतर हा अधिकार मोठ्या प्रमाणावर राज्यसंस्थेकडे आला. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन १९५३ साली झाले आणि पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. कृष्णरावांना १९७१ साली पद्मभूषण मिळाले आणि १९७२ साली अकादमीचे रत्न सदस्यत्व हा तिचा सर्वोच्च सन्मान लाभला. त्यावेळी त्यांचे वय अनुक्रमे ७३ व ७४ वर्षांचे होते. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘कुलवधू’ आणि पद्मभूषण यांमध्ये २९ वर्षांचे अंतर आहे.

या कालक्रमाची तुलना बोधप्रद आहे. बालगंधर्वांना अकादमीचा पुरस्कार १९५५ साली अभिनयासाठी आणि पद्मभूषण १९६४ साली मिळाले. ज्या नटाच्या मुखातून चाली लोकांपर्यंत पोहोचल्या त्याचा गौरव आधी झाला, चाली देणाऱ्याचा नंतर. भास्करबुवा तर १९२२ सालीच निवर्तले होते आणि गोविंदराव टेंबे यांचे निधन १९५५ साली झाले. त्यामुळे नव्या सन्मानव्यवस्थेच्या कक्षेत ही पिढी जवळजवळ आलीच नाही. कृष्णराव त्या कक्षेत आले, त्यात त्यांच्या गुणवत्तेइतकाच दीर्घायुष्याचाही वाटा आहे.

न लाभलेला सन्मान

कृष्णरावांनी ज्याचा ध्यास घेतला तो सन्मान स्वतःसाठी नव्हता. ‘वंदे मातरम्’ हे राष्ट्रगीत व्हावे यासाठी त्यांनी झिंझोटी रागात त्याची चाल बांधली आणि दिल्लीस जाऊन राष्ट्रीय नेत्यांसमोर ती सादर केली. हे गीत समूहाने गाण्यास आणि वाद्यवृंदावर वाजविण्यास अनुकूल नाही, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. पंडित नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये केलेल्या निवेदनातही धुनेच्या योग्यतेचा विचार प्रधान होता. कृष्णरावांनी बँडवर वाजेल अशी स्वररचना सिद्ध करून त्या आक्षेपास प्रात्यक्षिकाने उत्तर दिले. अनेकांनी एकत्र म्हणावयाचे गीत कसे बांधावे, हा मूलतः रंगभूमीच्या संगीतकाराचाच प्रश्न होता.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान राहील असे सांगितले. गीताला मान मिळाला, पण कृष्णरावांच्या चालीला अधिकृत स्थान मिळाले नाही. सन्मानांच्या यादीत या प्रयत्नाला जागा नसते. तरीही संगीतकाराच्या सार्वजनिक कार्याचा विचार करताना तो वगळता येणार नाही.

समारोप

पुढील पिढीतही हे चित्र फारसे बदललेले दिसत नाही. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांच्या संगीताने रंगभूमीला नवी संजीवनी देणारे पं. जितेंद्र अभिषेकी यांना १९८८ साली पद्मश्री मिळाली. १९८९ चा अकादमी पुरस्कार मात्र त्यांना हिंदुस्थानी कंठसंगीतासाठी देण्यात आला. पुरस्कार योग्यच होता. परंतु त्याच्या वर्गवारीवरून भावी अभ्यासकास त्यांच्या नाट्यसंगीताचा पत्ता लागणार नाही.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की, संगीत रंगभूमीच्या संगीतकाराला सन्मान मिळाले नाहीत असे नाही. ते उशिरा मिळाले आणि बहुधा दुसऱ्या नावाने मिळाले. म्हणून त्याचे श्रेय निश्चित करण्यासाठी पुरस्कारांच्या याद्या अपुऱ्या ठरतात. जुन्या नाटकांच्या छापील आवृत्त्या, जाहिराती, हस्तपत्रके आणि ध्वनिमुद्रिका ही साधने त्यासाठी अभ्यासावी लागतील. यांपैकी बरीच साधने गावोगावच्या ग्रंथालयांत आणि जुन्या घरांत पडून आहेत व ती झपाट्याने नष्ट होत आहेत. इतिहास, मराठी आणि संगीत या तीन विभागांनी मिळून आपापल्या परिसरातील अशा साधनांची नोंद केली, तर कोणती चाल कोणाची, हे निदान पुढील पिढीस नेमकेपणाने सांगता येईल.