ट्रायो कार्यक्रम

अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या अनुदानावर चालणारे शैक्षणिक साहाय्य कार्यक्रम. अल्प उत्पन्न गटातील, तसेच ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणीही पदवीधर नाही अशा विद्यार्थ्यांना महाविद्यालयापर्यंत पोहोचवणे व तेथे टिकवणे हा त्यांचा मुख्य हेतू आहे.

अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेत त्यांचे मूळ आहे. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ निघाला, १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने ‘टॅलेंट सर्च’ आणला, तर १९६८ च्या दुरुस्तीने महाविद्यालयात दाखल झालेल्यांसाठी तिसरा कार्यक्रम दिला. या त्रिकुटावरून ‘ट्रायो’ हे नाव पडले. पुढे कार्यक्रमांची संख्या वाढली. नाव मात्र तिघांचेच राहिले. चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत मृत्यू पावलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेर यांच्या नावाचा, पीएच.डी.च्या तयारीचा कार्यक्रमही यातलाच.

अनुदान थेट विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही. विद्यापीठे व संस्था स्पर्धात्मक प्रस्ताव पाठवतात. मंजुरी साधारणतः पाच वर्षांसाठी मिळते. अपवर्ड बाउंडमध्ये माध्यमिक शाळेतील मुलांना वर्षभर शिकवणी व प्रवेशअर्जांबाबत मार्गदर्शन मिळते. उन्हाळ्यात सुमारे सहा आठवडे विद्यापीठाच्या आवारात वर्ग भरतात व मुले बहुधा तिथेच राहतात. घरात महाविद्यालय कोणीच पाहिलेले नसताना वसतिगृहातला हा मुक्काम पाठ्यपुस्तकाइतकाच मोलाचा ठरतो. अभिनेत्री व्हायोला डेव्हिस याच कार्यक्रमाच्या माजी विद्यार्थिनी.

परिणामांबाबत वाद आहे. अपवर्ड बाउंडच्या सरकारी मूल्यमापनात महाविद्यालय प्रवेशावर सरासरी परिणाम अल्प दिसला. मुळात पदवीची फारशी अपेक्षा न बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र लाभ अधिक झाला. या अभ्यासाच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले.