मावळातील भांडी, कल्हई आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाल्यावर मुंबईचा माल लोणावळ्यावरून थेट पुण्यास येऊ लागला, आणि कसबा पेठेतील तांबट आळीत घडलेल्या हंडे-पातेल्यांनी मावळातील घरेही सजली. या भांड्यांत ताक, चिंच किंवा आमसूल राहिले की ते कळकते, म्हणजे आंबटपणाने तांबे विरघळून अन्नात उतरते. म्हणून भांडे तापवून, नवसागराने त्याचा मळ काढून, आतून कथिलाचा पातळ थर चढवण्याची, म्हणजे कल्हईची, रीत कसोशीने पाळली जाई. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी या जुन्या शहाणपणाला कायद्याचे बळ दिले.

कल्हईविना काय ओढवते, हे पुण्यातच उघड झाले. तान्ह्या मुलांचे यकृत निकामी करणाऱ्या एका घातक विकारामागे तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवलेले वरचे दूध असावे, हे केईएम रुग्णालयाच्या शीला भावे व आनंद पंडित यांनी स्टुअर्ट टॅनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञासह १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले; भांडी बदलत गेली तसा तो विकारही दुर्मीळ झाला. पुण्याच्या वैद्यकाचे हे फार मोठे काम आहे.

तांब्यापितळेची जागा घेणाऱ्या ॲल्युमिनियमवर, म्हणजे घरोघरच्या ‘जर्मन’च्या भांड्यांवर, वेगळाच संशय आला. १९६५ मध्ये या धातूचे क्षार टोचलेल्या सशांच्या मेंदूत तंतूंच्या गाठी आढळल्या, १९७३ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी अल्झायमर रुग्णांच्या मेंदूत त्याचे प्रमाण वाढलेले असल्याचे नोंदवले, आणि पुढे डायलिसिसच्या रुग्णांना त्यातूनच बुद्धिभ्रंश होतो, हे सिद्ध झाले. मात्र त्या रुग्णांच्या रक्तात तो यंत्रातील पाण्यातून व औषधांतून शिरत होता, आणि मूत्रपिंडे निकामी असल्याने बाहेर पडत नव्हता. निरोगी माणसाचे आतडे अन्नातील ॲल्युमिनियमचा शंभरावा भागही शोषत नाही. त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा आरोप टिकलेला नाही.

कल्हईत मिसळल्या जाणाऱ्या शिशाचे मात्र तसे नाही. ते हाडांत दशकानुदशके साठून राहते आणि वार्धक्यात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते; बोस्टनमधील वृद्ध पुरुषांच्या दीर्घ अभ्यासात हाडांत जास्त शिसे असलेल्यांची बुद्धी अधिक वेगाने क्षीण होताना दिसली. कथील महाग आणि शिसे स्वस्त असल्याने कल्हईत भेसळ होते ती शिशाचीच. म्हणून मावळातील वृद्धांच्या विस्मृतीसाठी जर्मनच्या पातेल्याला दोष देण्याआधी, ज्या घरांत आजही पितळी भांडी वापरात आहेत तेथील कल्हईचे कथील शुद्ध आहे ना, हे तपासले गेले पाहिजे.