मथळा, माफी आणि वाचकाची स्मृती

नागपूर-अमरावती मार्गावरील आमच्या तळेगाव (श्यामजी पंत) येथेही केवळ मथळा पाहून वर्तमानपत्राचा राजकीय कल सांगणारे वाचक भेटतात. आतल्या पानावरील चार ओळींची दुरुस्ती वाचणारे मात्र विरळाच. या विषमतेचा विचार करताना आम्हांस कोल्हापूर प्रकरण आठवते.

जानेवारी १८८१मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचे लिहून या पत्रांनी कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. त्यासाठी आधाराला घेतलेली पत्रे बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आगरकर व टिळक यांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवसांनी ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले.

महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. डिसेंबर १८८३मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. परंतु काळजी खरी असली म्हणून खोटा पुरावा खरा ठरत नाही. वाङ्मयेतिहासात आपण आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ आवडीने शिकवतो. बनावट पत्रांमुळे ज्यांची अब्रू गेली, ते बर्वे तळटीपेपुरते उरतात. संपादकांची माफी तर तेथेही क्वचितच आढळते.

पुढे १८९७मध्ये ‘केसरी’ने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा प्रश्न विचारला. लेखातील युक्तिवाद विसरलेल्यांनाही तो मथळा पाठ आहे. मथळ्याचे सामर्थ्य ते हेच. आणि त्याची जबाबदारीही त्यातूनच येते.

मथळा खालच्या मजकुराशी सुसंगत असावा व चुकीची दुरुस्ती तत्परतेने, ठळकपणे छापावी, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे आचारनियम सांगतात. परिषदेला समज देता येते, ताशेरे ओढता येतात. दंड करता येत नाही. म्हणजे अखेरचा निवाडा वाचकाकडेच येतो. पण तो वाचकही निःपक्ष असतोच असे नाही. विरोधी पत्राची चूक त्याला कारस्थान वाटते, तर आपल्या पत्राची चूक केवळ अनवधान. १८८२च्या स्वागतात हा पक्षपात नव्हता काय? जुनी वर्तमानपत्रे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याने अग्रलेखाइतक्याच आस्थेने त्यांतील माफीही वाचावी, असे आम्हांस वाटते.