गोलचा जल्लोष आणि नियमांची चौकट : फुटबॉलमधील एका निर्बंधाचा इतिहास

प्रस्तावना :

फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात बहुधा दोन-तीनच गोल होतात आणि कित्येकदा एकही होत नाही. क्रिकेटमधील चौकाराप्रमाणे गोलची पुनरावृत्ती होत नसल्यामुळे त्या क्षणी खेळाडू आणि प्रेक्षक यांच्या भावनांचा बांध फुटणे स्वाभाविक असते. तथापि हा आनंद कसा व्यक्त करावा, यावर नियमांचे बंधन आहे. गोल केल्यानंतर अंगातील जर्सी काढणाऱ्या खेळाडूस पंच पिवळे कार्ड दाखवितात. मग तो गोल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील का असेना. कोणासही इजा न करणाऱ्या कृतीला शिक्षा का असावी, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या निर्बंधांचा ऐतिहासिक विकास, त्यांमागील कारणे आणि त्यांच्या अंमलबजावणीतील विसंगती यांचा विचार केला आहे.

नियमाचे स्वरूप :

फुटबॉलचे नियम फिफा ही संस्था एकटी ठरवीत नाही. ब्रिटिश बेटांवरील चार संघटनांनी १८८६ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे तो अधिकार आहे. फिफाची स्थापना १९०४ मधील असून तिला या मंडळात नंतर स्थान मिळाले. आज मंडळातील आठ मतांपैकी चार फिफाकडे व चार ब्रिटिश संघटनांकडे आहेत आणि नियमबदलासाठी सहा मते आवश्यक असतात. त्यामुळे नियम सावकाश बदलतात आणि एकदा बदलले की सहसा टिकून राहतात.

गोलनंतरच्या जल्लोषाचा उल्लेख नियम क्रमांक १२ मध्ये येतो. जल्लोषास मनाई नाही. तो अतिरेकी नसावा, एवढीच अपेक्षा आहे. आनंदाच्या भरात मैदानाबाहेर जाणे हाही गुन्हा नाही, मात्र खेळाडूने लवकर परतावे. पिवळे कार्ड चार प्रसंगी दाखविले जाते : कुंपणावर चढल्यास अथवा सुरक्षिततेस बाधा येईल अशा रीतीने प्रेक्षकांकडे गेल्यास, चिथावणीखोर वा उपहासात्मक हावभाव केल्यास, मुखवटा किंवा तत्सम वस्तूने चेहरा झाकल्यास, आणि जर्सी काढल्यास वा तिने डोके झाकल्यास. गोल नंतर रद्द ठरला, तरीही ही ताकीद कायम राहते.

ऐतिहासिक विकास :

ब्रिटिश हौशी खेळाच्या परंपरेत संयम हा सभ्यतेचा निकष मानला जात असे. गोल करणाऱ्याचे हस्तांदोलनाने अभिनंदन व्हावे आणि त्याने आपल्या जागी परतावे, हा त्या संस्कृतीचा शिष्टाचार होता. तो मोडण्यास अनेक कारणे घडली असली, तरी दूरचित्रवाणीचा वाटा मोठा आहे. जवळून टिपलेला चेहरा घराघरांत पोहोचू लागला, तेव्हा गोलइतकाच गोलनंतरचा क्षणही प्रेक्षणीय ठरला. ११ जुलै १९८२ रोजी माद्रिद येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध गोल करून मुठी आवळून ओरडत धावणारा इटलीचा मार्को तार्देली हे त्याचे ठळक उदाहरण होय. खेळाडूंनी एकमेकांना मिठ्या मारणे व चुंबने घेणे अशोभनीय आहे, अशी नापसंती फिफाने व्यक्त केली तीही याच सुमारास. तिचा फारसा परिणाम झाला नाही. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनचा ३८ वर्षांचा रॉजर मिला कोपऱ्यातील झेंड्याजवळ नाचला. १९९४ मध्ये ब्राझीलच्या बेबेतोने नवजात अपत्याला जोजविण्याचा अभिनय केला. जल्लोष आता उत्स्फूर्त उद्गार राहिला नव्हता. त्याला अर्थ आणि संदेश प्राप्त झाला होता.

या संदेशाचे सर्वात सोयीचे माध्यम म्हणजे जर्सीखालील गंजी. मार्च १९९७ मध्ये लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने गोल केल्यावर कामावरून काढलेल्या गोदी कामगारांना पाठिंबा देणारा मजकूर दाखविला आणि युरोपीय महासंघाने त्याला दंड केला. १० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारून अमेरिकेच्या ब्रँडी चॅस्टेनने जर्सी काढली; ते छायाचित्र महिला क्रीडेच्या इतिहासातील एक खूण ठरले. नोव्हेंबर २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा दिएगो फोर्लान काढलेली जर्सी पुन्हा वेळेत घालू शकला नाही आणि खेळ सुरू झाल्यावर काही काळ ती हातात धरूनच खेळला. अखेरीस २००४ मध्ये मंडळाने जर्सी काढणाऱ्यास पिवळे कार्ड दाखविणे पंचांवर बंधनकारक केले. पुढे २०१४ मध्ये आतील वस्त्रांवरील घोषणांबाबतचे निर्बंधही अधिक कठोर झाले.

निर्बंधांमागील कारणे :

या नियमांच्या समर्थनार्थ चार कारणे मांडली जातात. पहिले कारण वेळेचे आहे. आघाडीवरील संघ लांबलेल्या जल्लोषाने वेळ खाऊ शकतो. परंतु जल्लोषात गेलेला वेळ भरून देण्याची तरतूद नियम क्रमांक ७ मध्ये आहे आणि २०२२ च्या कतार विश्वचषकात तिचा कसोशीने वापर झाला. त्यामुळे या कारणाचे बळ आज कमी झाले आहे.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. गोल करणारा प्रेक्षकांकडे धावतो, तेव्हा मागील रांगांतील गर्दी पुढे लोटते. कुंपणाचा धोका खेळाडूलाही असतो. डिसेंबर २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्वेत संघाचा पाउलो दिओगो सहकाऱ्याच्या गोलनंतर कुंपणावर चढला. उतरताना लग्नाची अंगठी जाळीत अडकून त्याचे बोट तुटले. पंचांनी त्याला त्याच प्रसंगी पिवळे कार्डही दाखविले.

तिसरे कारण चिथावणीचे आहे. सप्टेंबर २००९ मध्ये मँचेस्टर सिटीचा इमॅन्युएल अदेबायोर गोल केल्यावर मैदानाची संपूर्ण लांबी धावून आपल्या पूर्वीच्या संघाच्या, म्हणजे आर्सेनलच्या, समर्थकांसमोर गेला. गॅलरीतून वस्तू फेकल्या गेल्या आणि त्याला २५,००० पौंड दंड झाला.

चौथे कारण तटस्थतेचे आणि व्यापाराचे आहे. मैदान राजकीय वा धार्मिक प्रचाराचे व्यासपीठ होऊ नये, ही संघटनांची घोषित भूमिका आहे. जर्सीवरील प्रायोजकाचे नाव सर्वाधिक छायाचित्रे निघण्याच्या क्षणीच दिसेनासे होते, हा आर्थिक युक्तिवाद मात्र नियमात कोठेही नमूद नाही. भाष्यकार तो वारंवार मांडतात.

कृती आणि अर्थ :

नियमाची खरी कसोटी त्याच्या अंमलबजावणीत लागते. ११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्ग येथे स्पेनच्या आंद्रेस इनिएस्ताने विश्वविजयी गोल केला आणि जर्सी काढून, आदल्या वर्षी निधन पावलेल्या दानी खार्के या खेळाडूस स्मरणारा मजकूर दाखविला. त्याला पिवळे कार्ड मिळाले. मे २०२० मध्ये जर्मनीत जेडन सँचोने जॉर्ज फ्लॉइड यांच्यासाठी न्यायाची मागणी करणारा मजकूर दाखविला. जर्सी काढल्याबद्दल पंचांनी त्याला कार्ड दाखविले, परंतु जर्मन संघटनेने संदेशाबद्दल कारवाई केली नाही. याउलट मार्च २०१३ मध्ये ग्रीसच्या योर्गोस कातिदिसने गोलनंतर नाझी पद्धतीचे अभिवादन केले, तेव्हा ग्रीक महासंघाने त्याच्यावर राष्ट्रीय संघांतून आजीव बंदी घातली. २०१८ मध्ये सर्बियाविरुद्ध दुमुखी गरुडाची खूण करणाऱ्या ग्रानित झाका व झेर्दान शाकिरी या स्विस खेळाडूंना प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँक दंड झाला, तर २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत लांडग्याची खूण करणाऱ्या तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालला दोन सामन्यांची बंदी भोगावी लागली.

या उदाहरणांतून एक श्रमविभागणी स्पष्ट होते. जर्सीच्या बाबतीत पंच केवळ कृती पाहतो; तिचा अर्थ लावण्याचे काम शिस्तपालन समितीकडे जाते. शोक, निषेध आणि उन्माद यांत पंचाने क्षणार्धात भेद करावा, अशी अपेक्षा वाजवी नाही. जर्सीचा नियम आंधळा आहे हे खरे; परंतु त्याच्या आंधळेपणामुळेच तो सर्वांना सारखा लागू होतो. २ डिसेंबर २०२२ रोजी ब्राझीलविरुद्ध विजयी गोल करून कॅमेरूनच्या व्हिन्सेंट अबुबकरने जर्सी काढली. त्याचे ते दुसरे पिवळे कार्ड होते. पंच इस्माईल एल्फाथ यांनी हसतमुखाने त्याच्याशी हस्तांदोलन केले आणि नंतर त्याला मैदानाबाहेर काढले. त्या हस्तांदोलनात माणूस होता आणि लाल कार्डात नियम. समित्यांच्या निर्णयांत मात्र अशी समानता आढळत नाही. कोणती खूण राजकीय आणि कोणती मानवतावादी, याचे उत्तर देश आणि काळ यांनुसार बदलत आले आहे.

समारोप :

गोलनंतरच्या जल्लोषावरील नियम एका तत्त्वातून जन्मलेले नसून वेळ, सुरक्षितता, चिथावणी आणि तटस्थता या वेगवेगळ्या चिंतांतून ते साचत गेले आहेत. त्यांपैकी सुरक्षिततेची चिंता सर्वात भक्कम आहे. तरीही तिची नजर मुख्यतः प्रेक्षक आणि कुंपण यांच्यावरच खिळलेली आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मिझोराम प्रीमियर लीगमधील सामन्यात २३ वर्षांच्या पीटर बियाकसांगझुआला या खेळाडूने गोल केल्यावर कोलांटउडी मारली. तो चुकीच्या रीतीने पडला, मणक्याला इजा झाली आणि काही दिवसांतच त्याचे निधन झाले. कोलांटउडीस नियमात तेव्हा मनाई नव्हती व आजही नाही. जर्सी काढण्याने कोणाचा जीव जात नाही, तरी ती शिक्षेस पात्र आहे. ज्या कृतीने एका तरुणाचा जीव गेला, तिच्याविषयी नियमपुस्तक मौन बाळगते. प्रत्येक उडीवर बंदी घालणे हा त्यावरील उपाय नव्हे. परंतु महाविद्यालयीन आणि जिल्हा पातळीवरील प्रशिक्षकांनी खेळाडूंना चेंडूवरील नियंत्रणाबरोबरच आनंदाच्या क्षणी शरीर सांभाळण्याचे शिक्षणही द्यावे, एवढे तरी या इतिहासातून निश्चितपणे निष्पन्न होते.