छिन्नीचे वजन आणि वातींचा हिशेब

१/ बांधकामावर रोज कोणते अवजार कोणाला दिले आणि काय परत आले, याची नोंद ठेवण्याची रीत यंत्रयुगात जन्मलेली नाही. इ.स.पू. तेराव्या-बाराव्या शतकांत इजिप्तच्या राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांमागे हाच हिशेब घेऊन एक लेखनिक उभा असे.

२/ हे कारागीर आजच्या लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेस असलेल्या देर अल-मदिना या गावात राहत. टोळीचे ‘उजवी’ आणि ‘डावी’ असे दोन भाग होते व प्रत्येकावर एक मुकादम होता. लेखनिकांनी चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर केलेल्या हजारो नोंदी येथील उत्खननांत मिळाल्या आहेत.

३/ खोदकामाचे मुख्य अवजार म्हणजे तांब्याच्या धातूची छिन्नी. ती राज्याच्या मालकीची असे. चुनखडीच्या खडकावर तिची धार लवकर जाई. बोथट छिन्न्या भांडारात जमा होत, तांबट त्या वितळवून नव्याने घडवत आणि त्या पुन्हा वाटल्या जात.

४/ येथे नुसती संख्या मोजून भागणारे नव्हते. दहा छिन्न्या दिल्या आणि दहाच परत आल्या, तरी वाटेत कोणी थोडे तांबे काढून घेतले असेल तर? म्हणून अवजारे तोलून दिली व तोलून घेतली जात. अवजाराचे वजन लिहिलेली दगडी मापे या गावात सापडली आहेत. दगड झिजत नाही आणि खोटेही बोलत नाही.

५/ एवढी काळजी का? कारण तांबे हेच मूल्याचे परिमाण होते. किमती ‘देबेन’मध्ये, म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम तांब्याच्या वजनात सांगितल्या जात. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती धान्य मिळे. त्याची किंमत साधारण ११ देबेन होई. म्हणजे ५ देबेनची छिन्नी हातात असणे म्हणजे जवळपास अर्ध्या महिन्याचा पगार हातात असणे.

६/ दुसरा हिशेब वातींचा. डोंगराच्या पोटात उजेड दिव्यांचाच. जुन्या कापडाच्या, चरबी किंवा तेलात भिजवलेल्या वाती भांडारातून मोजून निघत. त्या दिवशी उजव्या बाजूला किती आणि डाव्या बाजूला किती खपल्या, हे लेखनिक लिहून ठेवी. जळलेली वात परत येत नाही. त्यामुळे तिच्या संख्येवरून काम किती चालले याचा अंदाज येतो.

७/ तरीही अवजारांवरून तंटे झालेच. इ.स.पू. १२००च्या सुमारास नेबनेफर नावाच्या कारागिराने घरात पुरून ठेवलेले तांब्याचे अवजार चोरीस गेले. हेरिया या स्त्रीने शपथेवर इन्कार केला. पण झडतीत ते तिच्याच घरात, देवळातील वस्तूंसह सापडले. गावच्या न्यायसभेने तिला दोषी ठरवले. तिची चोरी उघड झाली ती दुसऱ्या एका स्त्रीच्या साक्षीमुळे.

८/ त्याच काळातील मुकादम पानेब याच्यावरील आरोप ‘सॉल्ट १२४’ या पपायरसमध्ये आहेत. राजाच्या कामाची अवजारे त्याने स्वतःच्या थडग्यासाठी वापरली, असे त्यात म्हटले आहे. तक्रारदार अमेननख्त हा आधीच्या मुकादमाचा भाऊ. मुकादमकी आपल्याच घराण्याची, असे तो मानत होता. म्हणून त्याचे शब्द पारखूनच घ्यावे लागतात.

९/ पण हा आरोप हिशेबाची मर्यादा नेमकी दाखवतो. तराजूला हरवलेले तांबे कळते. छिन्नी रात्री खाजगी कामाला लावून सकाळी जागेवर ठेवली, तर ते तराजूला कळत नाही. वजनावरून ताबा सिद्ध होतो, वापर नव्हे. वापराच्या जवळ जाणारी नोंद वातींचीच होती. आणि ज्याच्या हाती देखरेख, त्याच्यावर देखरेख कोणाची, याचे उत्तर त्या दोन्ही नोंदींत नव्हते.

१०/ म्हणून अशा नोंदी वाचताना अभ्यासकाने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: नोंद कशाची आहे, आणि ती कशाचा पुरावा मानली जात आहे? देर अल-मदिनाच्या लेखनिकाला राजाचे तांबे राखायचे होते. त्या तांब्याने कोणाचे थडगे खोदले गेले, हे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच सांगितले.