कुलाब्याच्या जाळीतले पाच कण

मार्च २०१७. जिनिव्हाजवळील सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने एकाच वेळी पाच नवे कण जाहीर केले. ओमेगा-सी या बॅरिऑनच्या त्या उत्तेजित अवस्था होत्या. बॅरिऑन म्हणजे तीन क्वार्कांचा कण. प्रोटॉन त्याच कुळातला. ओमेगा-सीमध्ये दोन स्ट्रेंज आणि एक चार्म क्वार्क असतो. प्रयोगाने पाचांची वस्तुमाने मोजली. त्यांची आंतरिक रचना मात्र अनुत्तरितच राहिली.

मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, या अवस्थांचे गणित आधीच मांडले गेले होते! मांडणारे होते नीलमणी माथुर आणि त्याच संस्थेत शिकलेले एम. पद्मनाथ.

क्वार्कांमधील बल इतके तीव्र असते की कागदावरच्या नेहमीच्या पद्धती तेथे हतबल ठरतात. त्यावर केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये तोड काढली : अवकाश-काळाची बारीक जाळी कल्पायची, तिच्या बिंदूंवर क्वार्क ठेवायचे आणि बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर ग्लुऑन. मग उरते ती आकडेमोड. ती मात्र इतकी अफाट, की महासंगणकावाचून गत्यंतर नाही.

जुलै २०१७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये या दोघांचा निबंध आला. त्यांच्या हिशेबाने पाचांपैकी दोघांचा स्पिन १/२, दोघांचा ३/२ आणि सर्वांत जड कणाचा ५/२.

पुढे जपानच्या बेल प्रयोगाने पाचांपैकी चार कणांना दुजोरा दिला. त्यांच्या नोंदींत स्पष्ट उमटला नाही तो नेमका ५/२ स्पिनचा मानलेला पाचवा.