पाणी नेमकं मुरतं कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखाद्या व्यवहाराचा संशय आला की आपण म्हणतो, 'कुठेतरी पाणी मुरतंय.' राजकारणापासून सोयरिकीपर्यंत हा वाक्प्रचार कुठेही चालतो. पण ज्या घरात खरोखरच पाणी मुरत असतं, तिथे ते बिल येईपर्यंत कळत नाही. नेहमीच्या दुप्पट आकडा बघून घरातला पहिला प्रश्न असतो, 'एवढं पाणी वापरलं कोणी?' आज मला या प्रश्नाचाच इतिहास सांगायचा आहे. हा प्रश्न माणसानं शतकानुशतकं विचारला. पण खरं उत्तर हाती येऊ लागलं ते प्रश्नच बदलल्यावर.

सुरुवात रोमपासून करू. इ.स. ९७ मध्ये सम्राट नेर्वा यानं सेक्स्टस ज्युलियस फ्राँटिनस या अनुभवी सेनानीकडे शहराच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी सोपवली. त्या वेळी रोममध्ये नऊ मोठे कालवे डोंगरातून पाणी आणत होते. त्यांच्या देखभालीला ७०० गुलाम होते. फ्राँटिनसनं कामाला लागताच आधी दप्तर मागवलं आणि तो चक्रावला. पाणी मोजण्याचं त्यांचं एकक होतं 'क्विनारिया', म्हणजे साधारण २.३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून येणारं पाणी. दप्तराप्रमाणे शहरात येणारं पाणी होतं १२,७५५ क्विनारिया, आणि वाटलं जाणारं १४,०१८! जमेपेक्षा खर्च जास्त, आणि तोही पाण्याच्या खात्यात.

मग तो स्वतः कालव्यांच्या मुखाशी जाऊन मोजमापं घेऊ लागला. प्रत्यक्षात दप्तरातल्या नोंदीपेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया जास्त पाणी कालव्यांत शिरत होतं. ते जात होतं कुठे? त्यातली बरीचशी चोरी होती. रस्त्याच्या फरसबंदीखालून जाणाऱ्या शिशाच्या नळांना पाणीखात्याचीच माणसं चोरून भोकं पाडत आणि वाटेतल्या दुकानांना पाणी विकत. परवानगीच्या मापापेक्षा मोठ्या तोट्या बसवलेल्या होत्या, काहींवर सरकारी शिक्काही नव्हता. फ्राँटिनसनं हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं.

मात्र त्याच्या हिशेबात एक उणीव होती. तो नळाचं तोंड मोजत होता. पाणी किती वेगानं वाहतं हे मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. त्यामुळे गळती किती आणि चोरी किती, हे वेगळं काढणं अवघड होतं. अशा वेळी संशयाला माणूसच सापडतो.

यानंतर आपण एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. वाहत्या पाण्यानं फिरणारी चक्री आणि तिला जोडलेले काटे, असं आपल्या ओळखीचं मीटर इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकात प्रचारात आलं. ते घडवणाऱ्यांत मूळचा जर्मन अभियंता विल्यम सीमेन्स हे मोठं नाव. या मीटरमुळे 'किती' या प्रश्नाचं उत्तर मिळू लागलं. पण मीटर तेवढंच सांगतं. महिन्याच्या शेवटी आकडा देतं. ते पाणी अंघोळीला गेलं, बागेला गेलं की भिंतीत जिरलं, यावर ते गप्प असतं.

त्यापुढचं पाऊल लिव्हरपूल शहरात पडलं, आणि ती हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. १८७० च्या सुमारास लिव्हरपूलला दिवसातले काही तासच पाणी सोडलं जाई. आपल्याला हे चित्र नवं नाही. पाणी पुरत नाही, म्हणजे लोक ते वाया घालवत असणार, असा अशा वेळी सर्रास समज असतो. शहराचे अभियंता जॉर्ज डीकन यांनी तो समज तपासायचं ठरवलं. १८७३ मध्ये त्यांनी एक निराळंच मीटर तयार केलं. खाली रुंद होत जाणाऱ्या उभ्या नळीत तारेला टांगलेली एक चकती होती. पाणी जितकं जोरात वाही, तितकी ती खाली दाबली जाई. तारेच्या वरच्या बाजूला पेन्सिल बांधलेली होती आणि तिच्यासमोर घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा, कागद गुंडाळलेला रूळ. म्हणजे चोवीस तासांत केव्हा किती पाणी वाहिलं, याची रेघ आपोआप कागदावर उमटत असे.

हे मीटर प्रत्येक घराला लावायचं नव्हतं; एका वस्तीला एक पुरे. दिवसभर ती रेघ वरखाली होई. लोक स्वयंपाक करत, कपडे धूत, त्याचं ते चित्र. पण रात्री दोन-तीन वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना रेघ शून्यावर यायला हवी होती. ती येत नसे. झोपलेल्या माणसांच्या नावावर पाणी वाहत होतं!

मग रात्रपाळीचे निरीक्षक बाहेर पडत. एकेका घरासमोरचा रस्त्यावरचा कॉक बंद करायचा आणि वेळ लिहून ठेवायची. कॉक फिरवायची लांब किल्ली कानाला लावली की डॉक्टरच्या नळीसारखा आतल्या पाण्याचा आवाज ऐकू येई. सकाळी वहीतली वेळ आणि कागदावरची रेघ ताडून पाहायची. ज्या मिनिटाला रेघ पायरीसारखी खाली उतरली, त्या मिनिटाला बंद केलेल्या घराकडे गळती. नासाडीचा मोठा भाग अशा न दिसणाऱ्या दोषांत निघाला: सुटलेले सांधे, झिजलेल्या तोट्या, जमिनीखालचे फुटके नळ. ते दुरुस्त होत गेले आणि लिव्हरपूलला नवा जलाशय बांधण्याआधीच पुन्हा चोवीस तास पाणी देता आलं.

डीकन यांनी केलं काय, तर 'कोणी वापरलं?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'पाणी केव्हा गेलं?' असं विचारलं. आजही जगभर गळती शोधताना रात्रीचा प्रवाह आधी पाहतात, याचं मूळ इथे आहे.

आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी असाच प्रसंग आला. बिल जवळजवळ दुप्पट झालं. ठराविक मर्यादेपलीकडच्या पाण्याला दर चढा असतो, त्यामुळे आकडा आणखी फुगला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरी तेव्हा लेक बाळंतपणाला आलेली. बाळाची दुपटी, पाहुण्यांची ये-जा. बोट तिकडेच गेलं. 'जादा पाणी वापरणाऱ्या सभासदांनी लक्षात घ्यावे' अशी सूचना फळ्यावर लागली. नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळायचं ते कळलं. त्या घरातल्या आजी दुसऱ्या दिवसापासून दुपटी नातेवाइकांकडे धुवायला पाठवू लागल्या.

डीकन यांची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे पाणी दोन-तीन तासच येतं. मीटर असतं रस्त्याकडे आणि पाणी पडतं जमिनीखालच्या टाकीत. रात्री मीटर स्तब्ध असलं तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मी आणि आमचे प्लंबर मामा, आम्ही टाकीच मोजायची ठरवली. रात्री अकराला पंप बंद केला, टाकीत लाकडी पट्टी सोडून खूण केली. पहाटे पाचला, पाणी यायच्या आधी, पुन्हा पट्टी सोडली. पाणी १० सेंटिमीटर उतरलं होतं. टाकी ४ मीटर बाय ३ मीटर. म्हणजे सहा तासांत १,२०० लिटर नाहीसे. मामा म्हणाले, "सर, हे बाळाच्या दुपट्यांचं काम नव्हे." टाकी उपसल्यावर भिंतीतून आत आलेली उंबराची मुळं आणि शेजारची चीर दिसली. सूचना त्याच दिवशी फळ्यावरून उतरली आणि सेक्रेटरी स्वतः आजींना भेटून आले.

आता थोडा हिशेब. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं रूढ प्रमाण. चौघांच्या घराला झाले ५४० लिटर. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चारेक लिटर घालवतो. त्याचा आवाज त्रास देतो, पण बिल तो दुप्पट करत नाही. संडासाच्या फ्लशच्या टाकीतून आवाज न करता मिनिटाला एक लिटर झिरपत असेल, तर दिवसाचे होतात १,४४० लिटर, अडीच कुटुंबांहून अधिक पाणी. म्हणून ज्यांच्या नळाला सतत दाब असतो त्यांनी घरातले सगळे नळ बंद करून तासाभराच्या अंतरानं मीटर पाहावं. काटा हलला, तर फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा. न ओढता भांड्यात रंग उतरला की चोर सापडला. जमिनीखालच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह अडकला तर जादा पाणी थेट गटारात जातं, तेही पाणी यायच्या वेळी बघावं. खंडित पुरवठ्यात नळात साठलेली हवासुद्धा मीटरची चक्री फिरवू शकते, हेही ध्यानात ठेवावं.

या सगळ्याला आपल्या राज्यात आणखी एक बाजू आहे. मुंबई पूर्वी विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावं त्याचीच खूण. १८५४ च्या टंचाईनंतर हेन्री कोनिबेअर यांच्या योजनेतून विहार तलाव झाला आणि १८६० मध्ये त्याचं पाणी शहराला मिळालं. ते पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर, पुढे भातसा. दर वेळी उत्तर आणखी लांबच्या डोंगरात शोधलं गेलं. तानसा आणि भातसा आहेत शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. त्यांच्या दाराशेजारून निघालेलं पाणी शंभरेक किलोमीटर येऊन आपल्या फुटक्या टाकीच्या भिंतीत जिरतं, तेव्हा बिलावरच्या रुपयांत त्याची पुरी किंमत येत नाही.

बिल फुगलं तर ते जरूर भरा, तक्रारही करा. पण कोणाच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी एका रात्री टाकीत पट्टी सोडून पाहा. पाणी कुठे मुरतंय हे पुष्कळदा माणसं झोपल्यावरच कळतं.